कॅमेऱ्याला न दिसणारी लेन्स

मागच्या अंकात जुन्या लेन्सबद्दल सहज चार ओळी लिहिल्या, त्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या पेट्या खाली उतरल्या, हेच त्याचं खरं कारण असावं. सगळ्यांना उत्तरं देणं काही जमायचं नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. एका पत्रात माझी चूक दाखवलीय, तेही छापतो.

नाना, मोठ्या काकांचा झेनिट कॅमेरा ट्रंकेत सापडला. त्याचं शटर अडकलंय, पण लेन्स स्वच्छ आहे. तिच्यावर रशियन अक्षरं आणि 44-2, 2/58 असे आकडे आहेत. माझ्याकडे सोनीचा लहान सेन्सरचा (एपीएस-सी) मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, कॅमेरा आहे. अ‍ॅडॅप्टर (लेन्स आणि बॉडीमधली जोडणी) मागवला, लेन्स लावली, स्क्रीनवर चित्रही दिसतं. पण बटण दाबलं की फोटो निघत नाही. लेन्स नाही म्हणतो! लेन्स तर समोर आहे. हाई काय शे? आणि ही लेन्स मागचं दृश्य भोवऱ्यासारखं फिरवते म्हणतात, ते खरं का?
(एक वाचक, चोपडा)

कॅमेरा खोटं बोलत नाहीये. त्याला ती खरंच दिसत नाही. आताच्या लेन्सच्या बुडाशी सोनेरी ठिपक्यांची ओळ असते. त्या ठिपक्यांतून लेन्स बॉडीला सांगत असते, मी अमुक आहे, माझं अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं भोक) इतकं आहे, फोकस इथे आहे. काकांच्या लेन्समध्ये (ही हेलिओस 44-2) तार नाही, चिप नाही, मोटर नाही; धातूची नळी आणि सहा काचा. बॉडीच्या हिशेबी तोंड उघडंच आहे, आणि उघड्या तोंडाने फोटो काढायचा नाही असं तिला कारखान्यातून शिकवून पाठवलंय. मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ शोधा आणि ‘एनेबल’ करा. कॅननमध्ये ते ‘रिलीज शटर विदाउट लेन्स’ म्हणून असतं, फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’. झालं काम.

बॉडीला लेन्स दिसत नाही, एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचे निम्मे प्रश्न पत्र न लिहिता सुटतात. बॉडीत स्टेबिलायझेशन असेल तर हात किती हलला हे तिला कळतं, पण त्यासाठी सेन्सर किती सरकवायचा हे लेन्सच्या फोकल लेंथवर, म्हणजे तिच्यावरच्या मिलिमीटरच्या आकड्यावर, ठरतं. ती तुम्ही हाताने भरायची: 58. एपीएस-सी आहे म्हणून दीडने गुणून 87 भरू नका. ते गुणाकाराचं गणित चित्राच्या आवाक्याचं आहे, लेन्स 58चीच राहते. (यादीत 58 नसेल तर जवळचा आकडा चालतो.) ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता कॅमेऱ्यानेच ठरवायची) ठेवलात तर कमीत कमी शटर स्पीडही स्वतः बांधून द्या, मी 1/125 सेकंदाच्या खाली जाऊ देत नाही. नाही तर घरातल्या उजेडात बॉडी आपल्या अकलेने 1/60 किंवा त्याखाली जाते आणि मग तुम्ही म्हणता लेन्स धूसर आहे.

एक्स्पोजरची मात्र काळजी नाही. कॅमेरा ‘ए’ मोडवर ठेवा. लेन्समधून जेवढा उजेड आत येतो तेवढा मोजून तो शटर ठरवतो. अ‍ॅपर्चर किती आहे हे त्याला माहीत नसलं तरी बिघडत नाही. खिडकी कोणी किती उघडली हे माहीत नसूनही खोलीत उजेड आहे की अंधार हे आपल्याला कळतंच की.

आता लेन्सवरची दोन कडी. हेलिओस 44-2ला अ‍ॅपर्चरची दोन कडी असतात आणि नवखा माणूस हमखास तिथे गोंधळतो. एकावर आकडे आहेत आणि ते फिरवताना टकटक लागतं. ते नुसती हद्द ठरवतं. दुसरं गुळगुळीत फिरतं आणि खरोखर पाती (भोक लहान-मोठं करणाऱ्या पट्ट्या) उघडतं-मिटतं. समजा पहिलं एफ 5.6वर ठेवलं (आकडा लहान तितकं भोक मोठं), तर दुसरं एफ 2पासून 5.6पर्यंत फिरेल आणि तिथे अडेल. जुन्या काळी फोकस करायला पाती पूर्ण उघडायची आणि डोळा न काढता बोटाने पुन्हा मिटवायची म्हणून ही सोय होती. ती आजही तशीच वापरायची, कारण पाती मिटलेली असताना सगळंच थोडंथोडं स्पष्ट दिसतं आणि फोकस पीकिंगचे (स्पष्ट कडांना रंग लावून दाखवणारी सोय) रंगीत कण अख्ख्या स्क्रीनवर पसरतात. फोकस उघड्यावर, फोटो मिटून.

पीकिंगवर एरवीही फार विसंबू नका. काँट्रास्ट असलेली कड दिसली की ते रंग लावून मोकळं होतं. चित्र मोठं करून बघायचं बटण बोटाखाली येईल असं बसवून घ्या. आमच्या घरी आई परातीत कळण्याची भाकरी थापत असते, तिचे मी याच लेन्सने फोटो काढतो. दीड मीटरवरून, एफ 2ला, तुमच्यासारख्या सेन्सरवर, स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम 5 सेंटीमीटरचा असतो. आई भाकरी फिरवायला किंचित पुढे झुकली की बोटं गेली. म्हणून मी परातीच्या कडेवर चित्र मोठं करून फोकस पक्का करतो, हात लेन्सवरून काढतो आणि बोटं त्या कडेशी येण्याची वाट बघतो. दर भाकरीला ती एकदा तरी येतातच. पिठाचे कण नखांवर मोजता येतील इतका स्वच्छ फोटो मिळतो, आणि मागची चूल नुसता तांबडा डाग होते.

तुम्ही पत्राच्या शेवटी भोवऱ्याबद्दल विचारलंय. होय, याच लेन्समध्ये मागचं दृश्य गोल फिरल्यासारखं दिसतं. तिची बांधणी जर्मनीतल्या कार्ल झाइस येनाच्या बायोटारवरून घेतलेली आहे, तो गुण (की दोष?) तिथूनच आला. पण तुम्ही केळीच्या बागेत उभं राहून वैतागला असाल, कारण मीही वैतागलो होतो. केळीचं पान थाळ्याएवढं नाही, चादरीएवढं. मागे नुसते हिरवे पडदे होतात. भोवऱ्याला बारीक पानं आणि त्यांतून गळणारे उजेडाचे ठिपके लागतात. कडुलिंब, चिंच, बाभूळ. माणूस दीडेक मीटरवर आणि झाड त्याच्या मागे चार-पाच मीटरवर. शिवाय तुमचा सेन्सर लहान आहे, म्हणजे चित्राच्या कडा छाटल्या जातात, आणि भोवरा कडेलाच असतो. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा असलेल्या मित्राचे फोटो बघून तुमची लेन्स खोटी समजू नका.

लेन्सच्या नंबराचे पहिले दोन आकडे बघा. या लेन्सवर ते बहुतेकदा बनावटीचं साल असतं. काकांनी कॅमेरा कधी घेतला यावरून घरात वाद असेल तर कामाला येईल.

आपण मागील अंकात लिहिले की एम 42 (42 मिलिमीटर व्यासाच्या) आट्यांची लेन्स साध्या अ‍ॅडॅप्टरने कोणत्याही डिजिटल कॅमेऱ्यावर चालते. माझ्या निकॉन डीएसएलआरवर (आरशाच्या कॅमेऱ्यावर) ती चालली नाही. दहा फुटांपलीकडचे काहीच स्पष्ट होत नाही. कृपया खुलासा करावा.
(निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

खुलासा असा की मी चुकलो, आणि तुमच्यासारख्या गेजच्या माणसासमोर चुकलो. मला म्हणायचं होतं कोणत्याही मिररलेसवर. घाईत ‘डिजिटल’ लिहून गेलो.

लेन्सच्या बसणीपासून फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटला ठरलेलं असतं. एम 42चं 45.46 मिलिमीटर. निकॉनच्या एफ माउंटचं 46.5. म्हणजे तुमच्या बॉडीवर ती लेन्स, अ‍ॅडॅप्टरची जाडी धरण्याआधीच, मिलिमीटरभर पुढे बसते. लेन्स जितकी पुढे तितका फोकस जवळ, म्हणून तुमचं जग दहा फुटांवर संपलं. यावर उपाय म्हणून मध्ये काच असलेले अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण ती बहुतेक वेळा हलकी असते. चांगल्या भिंगापुढे बाटलीचं बूड धरण्यात काय मतलब? कॅननच्या जुन्या डीएसएलआरचं अंतर 44 आहे, त्यामुळे तिथे पातळ चकती लावून काम निभतं.

मिररलेसमध्ये आरसाच नाही, त्यामुळे आरशासाठी सोडलेली जागाही नाही. सोनीचं अंतर 18, निकॉन झेडचं 16, कॅनन आरएफचं 20, फुजीचं 17.7. म्हणजे सोनीवर 27.46 मिलिमीटरची पोकळ नळी लावली की एम 42 लेन्स बरोब्बर आपल्या जागी. अ‍ॅडॅप्टर म्हणजे एवढंच, नळी. आत काच नाही.

तुमच्याकडे व्हर्नियर (बारीक मोजमापाचं साधन) असणारच. कधी अ‍ॅडॅप्टर मोजून बघा, स्वस्तातले मुद्दाम मिलिमीटरचा दशांश-दोन दशांश कमी केलेले असतात. त्यामुळे लेन्स इन्फिनिटीच्या (अगदी दूरच्या फोकसच्या) खुणेच्या थोडी आधीच इन्फिनिटीला पोचते, आणि कडं शेवटपर्यंत फिरवलं तर त्याही पलीकडे जाते. रात्री चंद्राचा फोटो काढताना कडं टोकाला टेकवून ठेवणारे इथे फसतात. टोक म्हणजे इन्फिनिटी, हा जुना नियम अ‍ॅडॅप्टरवर धरू नका. चित्र मोठं करून बघा.

मुंबईहून सुपर-टाकुमार 50 एमएम एफ 1.4 ही जुनी लेन्स मागवली. काच चहासारखी पिवळी आहे. विकणारा आता म्हणतो की ती किरणोत्सर्गी आहे, सगळ्याच पिवळ्या असतात. घरात लहान मूल आहे, बायको लेन्स घराबाहेर ठेवा म्हणते. काय करू?
(शिक्षक, नंदुरबार)

वहिनींना सांगा की शंका रास्त आहे. विकणाऱ्याने पैसे घेण्याआधी सांगायला हवं होतं.

या लेन्सच्या सात काचांच्या आवृत्तीत मागच्या काचेत थोरियम आहे. थोरियम घातलं की काच उजेड जास्त वळवते आणि रंग मात्र फारसे फाकत नाहीत, म्हणून त्या काळी बऱ्याच कंपन्यांनी ते वापरलं. त्याच्याच किरणांनी काचेत वर्षानुवर्षं बारीक बिघाड साचत जातो, तो पिवळेपणा. त्याआधीची आठ काचांची आवृत्ती थोरियमविना होती. ती पिवळी पडत नाही आणि महाग विकली जाते. म्हणजे ‘सगळ्याच पिवळ्या’ हेही खरं नाही.

वापरायला हरकत नाही. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढणाऱ्याला मिळणारा किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो. कपाटात ठेवा, मुलाच्या हाती खेळायला देऊ नका, मागची काच डोळ्याला लावून भिंग म्हणून तासन्‌तास बघत बसू नका, आणि फुटलीच तर चुरा हाताने गोळा करू नका. लेन्स उशाशी घेऊन झोपणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

पिवळेपणा अतिनील किरणांनी जातो. आपल्याकडे उन्हाला तोटा नाही, पण घाई नडते. मे महिन्यात गच्चीवर कुरडयांशेजारी लेन्स ठेवलीत तर काच उजळेल आणि आतलं ग्रीस वितळून पात्यांवर येईल. दुसरं, दोन्ही टोपणं उघडी ठेवून लेन्स कशावरही पालथी-उताणी टाकायची नाही. मी तशी टाकली होती, आईच्या गोधडीवर. खालून जेवायला हाक आली म्हणून गेलो. वरण-भात होईपर्यंत गोधडीला चवलीएवढं काळं भोक आणि गच्चीभर जळक्या कापसाचा वास. त्या भोकावर आईने लाल ठिगळ लावलंय आणि पाहुणे आले की तीच गोधडी बाहेर काढते.

आता थंडी सुरू झालीय, हाच मोसम बरा. पातेल्यात किंवा ताटलीत अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरा, त्यावर लेन्स समोरच्या टोपणासकट उभी ठेवा, मागची काच उघडी आणि वर. समोर टोपण असलं म्हणजे ऊन आरपार जाऊन खाली एकवटत नाही. सकाळचं कोवळं ऊन, अकरापर्यंत, आणि आसपासच राहायचं. माझ्या लेन्सला तीन आठवडे लागले. अतिनील एलईडीचा छोटा दिवा असेल तर तोच बरा, गोधड्या वाचतात; फक्त त्याच्याकडे डोळे लावून बसू नका. आणि तोवर फोटो थांबवायचं कारण नाही. व्हाइट बॅलन्स पांढऱ्या कागदावर लावून घ्या, पिवळेपणा निम्म्याहून अधिक तिथेच संपतो.

हीच उन्हाची गोष्ट कॅमेऱ्यालाही लागू. आरशाच्या कॅमेऱ्यात ऊन आरशावरून वर जायचं. मिररलेसमध्ये लेन्सने गोळा केलेलं ऊन थेट सेन्सरवर किंवा शटरच्या पडद्यावर पडतं. गळ्यात कॅमेरा, लेन्स एफ 1.4ला उघडी, तोंड आकाशाकडे, आणि आपण रसवंतीवर उसाचा रस पितोय, असं करू नका. टोपण लावा.

जुनी लेन्स घेताना काय बघायचं?
(पारोळा, शिरपूर, यावल आणि आणखी बऱ्याच ठिकाणांहून)

आधी मोबाइलचा टॉर्च. मागून आत मारा आणि समोरून तिरकं बघा. धूळ असणारच, ती सोडा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी. आपल्या खानदेशच्या कोरड्या हवेत ती सहसा लागत नाही. जी येते ती मुंबई-कोकणातून लेन्सबरोबर बिऱ्हाड घेऊन येते, किंवा चामड्याच्या पाकिटात वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या लेन्समध्ये असते. कडेला दोन तंतू असतील तर फोटोत काही कळत नाही. मधोमध असेल तर उजेडासमोर चित्रावर दुधाळ साय येते. साफ होते, पण काचेवरचा लेप खाल्लेला असेल तर डाग राहतो. लेन्सचं चामडी पाकीट शोभेला ठेवा, लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर.

आपल्याकडचा खरा रोग दुसरा. पात्यांवरचं तेल. 45 अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत चाळीस वर्षं पडलेल्या लेन्सचं ग्रीस पातळ होऊन झिरपतं. लेन्सच्या बुडाशी बारीक पिन असेल ती दाबून सोडा: पाती चटकन मिटून चटकन उघडली पाहिजेत. आळस देत हलली तर किंमत कमी करून मागा. हेलिओस 44-2मध्ये पाती स्प्रिंगने हलत नाहीत, हाताने हलतात, तिथे थोडं तेल चालून जातं.

त्याच पिनवरून आणखी एक. पिनवाली लेन्स अ‍ॅडॅप्टरवर लावली आणि अ‍ॅपर्चर बदलूनही उजेडात फरक पडत नसेल, तर पिन दाबली जात नाहीये. पिन दाबणारी आतली कडा असलेला अ‍ॅडॅप्टर घ्या, किंवा लेन्सवर ‘ए-एम’ अशी कळ असेल तर ती ‘एम’वर करा.

लग्नाच्या ऑर्डरीत जुनी लेन्स वापरावी का? वेगळा लुक मिळेल.
(फोटोग्राफर, धुळे)

नको. अक्षता एकदाच पडतात. नवरीचे निवांत फोटो काढायला दहा मिनिटं मिळाली तर त्यात वापरा, बाकी वेळ ऑटोफोकस.

सारंगखेड्याच्या यात्रेत मी हा हट्ट करून बसलोय. दत्तजयंतीच्या आसपासची पहाट, तापीकाठची थंडी, घोड्यांच्या नाकातून वाफ निघतेय, उजेड असा की पुन्हा मिळणार नाही. माझ्याकडे एम 42ची जुनी 135 एमएम. थंडीने आतलं ग्रीस गोठून फोकसचं कडं जाम झालं होतं. मी जोर लावला. कडं काही फिरलं नाही, अख्खी लेन्स फिरली. एम 42 म्हणजे नुसते आटे, त्यांना खिट्टी नसते. नाचरा पांढरा घोडा समोर, आणि लेन्स माझ्या हातात उतरलेली. बॉडी आ वासून उघडी, आणि घोड्यांनी उडवलेली अख्खी धूळ सेन्सरवर. त्या दिवसाच्या प्रत्येक फोटोत आकाशात ठिपके आहेत. बाजूचा घोडेवाला म्हणाला, “भो, तुमना कॅमेरा उकलना का?” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

यंदा जाणार असाल तर अ‍ॅडॅप्टर बॉडीवर कायम ठेवा आणि लेन्स उघड्यावर बदलूच नका.

मी अकरावीत आहे. आजोबांची लेन्स मिळाली आहे, पण परीक्षेमुळे बाहेर जाता येत नाही. घरात काय फोटो काढू?
(विद्यार्थिनी, चाळीसगाव)

ताई, तू चाळीसगावची आहेस आणि हे मला विचारतेस! तुमच्या स्टेशनजवळ कलामहर्षी केकी मूस राहत होते. माणूस दशकांमागून दशकं घराबाहेर जवळपास पडलाच नाही, आणि घरातल्या टेबलावर वस्तू मांडून त्याने जे टेबल-टॉप फोटो काढले त्यांनी नाव झालं. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. पेपर संपले की जाऊन ये.

जुन्या लेन्सला टेबलासारखी जागा नाही. वस्तू हलत नाही, रुसत नाही, तुला हवा तितका वेळ देते. स्वयंपाकघराच्या खिडकीशी पाट ठेव. त्यावर एक कांदा, अर्धा सोललेला. बाजूचे दिवे बंद, उजेड फक्त खिडकीचा. समोरून पांढरा पुठ्ठा धरलास तर सावलीची बाजू थोडी उघडेल. मग त्याच जागेवरून चार फोटो काढ: एफ 2, एफ 4, एफ 8, एफ 16. प्रत्येक वेळी चित्र मोठं करून सालीच्या एकाच शिरेवर फोकस. लेन्स अर्ध्या मीटरच्या आत जात नसेल तर ओढाताण करू नकोस, तिथूनच काढ.

ते चार फोटो मला पाठव, पुढच्या अंकात छापू. फक्त प्रत्येकाच्या मागे अ‍ॅपर्चर पेनाने लिही. फाइलमध्ये त्या जागी कॅमेऱ्याने शून्य टाकलेलं असेल, नाही तर काहीच नसेल.